पांढऱ्या थराच्या वर पाच मिलिमीटर

आमच्या लॅबच्या भिंतीवर, रक्ताच्या ट्यूब वेगानं फिरवून थर वेगळे करणाऱ्या सेंट्रिफ्यूजच्या वर, एक कागद चिकटवलेला होता. कडा पिवळ्या पडलेल्या, वर सेलोटेपचे तीन थर. त्यावर निळ्या पेनानं लिहिलं होतं: ‘कोॲग्युलेशन: ३००० × १५ मिनिटं’, म्हणजे रक्त गोठण्याच्या तपासण्यांसाठी मिनिटाला ३००० फेऱ्या, पंधरा मिनिटं. मी या लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून रुजू झाले तेव्हापासून तो तिथेच होता, आणि आम्ही सगळे त्याच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवत होतो.

सोलापुरातलं एका ट्रस्टचं मध्यम आकाराचं हॉस्पिटल. रक्त गोठण्याच्या तपासण्या, म्हणजे पीटी आणि एपीटीटी (दोन्हीत गोठायला किती सेकंद लागतात ते मोजतात), फायब्रिनोजेन (गुठळी ज्यापासून बनते ते प्रथिन), डी-डायमर (गुठळी विरघळताना सुटणारे तुकडे), रोजच्याच. या सगळ्यांना लागतो तो प्लाझ्मा, म्हणजे पेशी वगळून उरलेला रक्तातला द्रव. निळ्या टोपीच्या ट्यूबमध्ये ३.२ टक्के सोडियम सायट्रेट असतं; ते रक्तातलं कॅल्शियम बांधून रक्त गोठू देत नाही. त्यात नऊ भाग रक्त आणि एक भाग सायट्रेट या प्रमाणात सॅम्पल घ्यायचं, फिरवायचं, वरचा पिवळसर प्लाझ्मा अलगद उचलायचा. सांगायला एवढंच. आमच्याकडे वीसेक वर्षं हे काम अण्णा करायचे. ते आमचे सर्वांत जुने टेक्निशियन, आणि पुढच्या मे महिन्यात निवृत्त होणार होते.

बदलाला सुरुवात झाली ती एका बाईच्या रिपोर्टमुळे. तिचे लागोपाठ तीन गर्भपात झाले होते. डॉक्टरांनी ल्युपस अँटिकोॲग्युलंटची, म्हणजे वारंवार गर्भपात घडवू शकणाऱ्या एका अँटिबॉडीची, तपासणी लिहून दिली. ती आमच्याकडे होत नाही, म्हणून आम्ही प्लाझ्मा वेगळा केला, गोठवला आणि कोरड्या बर्फात घालून बाहेरच्या मोठ्या लॅबला पाठवला. रिपोर्ट निगेटिव्ह आला. काही महिन्यांनी ती पुण्याला दुसऱ्या डॉक्टरांकडे गेली. तिथे ताजं रक्त घेऊन तीच तपासणी झाली, पॉझिटिव्ह आली, बारा आठवड्यांनी पुन्हा केली तरी पॉझिटिव्हच. तिला ॲस्पिरिन आणि रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनची इंजेक्शनं सुरू झाली. तिचा नवरा दोन्ही रिपोर्ट घेऊन आमच्या काउंटरवर आला. तो भांडला नाही. फक्त विचारलं, “मॅडम, मग तुमचा असा का आला?”

त्या प्रश्नानं मला त्या रात्री झोप लागली नाही.

आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी दुसऱ्या दिवशी एकच गोष्ट विचारली. “तपासणी त्यांनी केली. पण प्लाझ्मा कोणी बनवला?”

मुद्दा प्लेटलेटचा, म्हणजे गुठळी बनायला मदत करणाऱ्या रक्तातल्या बारीक पेशींचा, होता. प्लाझ्मा चांगला फिरवला नाही तर त्यात प्लेटलेट तरंगत राहतात. ताज्या प्लाझ्मावर पीटी करताना थोड्या प्लेटलेट राहिल्या तरी फारसं बिघडत नाही. पण तोच प्लाझ्मा गोठवून पुन्हा वितळवला की प्लेटलेट फुटतात आणि त्यांच्या आवरणातले फॉस्फोलिपिड, म्हणजे एक प्रकारचे स्निग्ध पदार्थ, बाहेर येतात. ल्युपस अँटिकोॲग्युलंट धरतं ते फॉस्फोलिपिडलाच. तपासणीत ते मुद्दाम कमी ठेवलेले असतात, म्हणजे अँटिबॉडीचा परिणाम दिसावा. बाहेरून आलेले जादा फॉस्फोलिपिड ती अँटिबॉडी आधीच पिऊन टाकतात आणि निकाल नॉर्मल दिसतो. म्हणून अशा तपासणीसाठी प्लाझ्मात प्लेटलेट मायक्रोलिटरला १०,००० च्या खाली हव्यात, आणि त्यासाठी प्लाझ्मा दोनदा फिरवायचा असतो. आम्ही एकदाच फिरवत होतो.

मॅडमनी सांगितलं तशी मी रोजच्या वीस सॅम्पलचा प्लाझ्मा काढून सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशी मोजणाऱ्या, मशीनवर लावला. सातांमध्ये प्लेटलेट १०,००० च्या वर. एकात ३८,०००. मी आकडा पुन्हा लावून बघितला, तोच आला.

मग मी पट्टी घेऊन सेंट्रिफ्यूजचं झाकण उघडलं. ट्यूबवर पडणारा जोर नुसत्या फेऱ्यांवर ठरत नाही, मधल्या दांड्यापासून ट्यूबच्या तळापर्यंतच्या अंतरावरही ठरतो. सूत्र सोपं आहे: ०.००००१११८ गुणिले त्रिज्या सेंटिमीटरमध्ये, गुणिले फेऱ्यांचा वर्ग. त्रिज्या १५ सेंटिमीटर असेल तर मिनिटाला ३००० फेऱ्यांवर साधारण १५०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या १५०० पट जोर) मिळतो, म्हणजे जो पाहिजे तोच. आमच्या मशीनची त्रिज्या भरली १२ सेंटिमीटर. त्यावर ३००० ला मिळत होते जेमतेम १२०० जी. तो कागद आधीच्या, मोठ्या सेंट्रिफ्यूजसाठी लिहिलेला होता. मशीन बदललं, कागद तिथेच राहिला. १५०० साठी आम्हाला ३३५० फेऱ्या लागत होत्या.

कागद मी त्याच दिवशी काढला. अण्णा गप्प उभे होते. मग म्हणाले, “मला वाटायचं, हल्ली थर नीट बसत नाही. पण माझे डोळे अधू झाले असतील म्हणून बोललो नाही.”

अण्णांच्या हाताबद्दल सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. ट्यूब फिरून आली की तळाशी लाल पेशी, त्यावर पांढुरका पातळ थर, त्यावर प्लाझ्मा. त्या पांढऱ्या थरात पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट असतात. त्याला बफी कोट म्हणतात. अण्णा ट्यूब डोळ्यांच्या रेषेत धरायचे, प्लॅस्टिकचा ड्रॉपर आधी हवेतच दाबायचे (काचेचा कधीच नाही, काचेला लागून गोठण्याची क्रिया सुरू होते), टोक प्लाझ्माच्या पृष्ठभागाला जेमतेम लावायचे आणि पातळी उतरेल तसतसा ड्रॉपर खाली न्यायचे. थराच्या वर साधारण पाच मिलिमीटर प्लाझ्मा उरला की हात थांबायचा. नवीन मुलींना ते एवढंच सांगायचे, “मोह करायचा नाही. उरलेला त्या ट्यूबचा.”

पण दिवसभराच्या गर्दीत प्रत्येक हात अण्णांचा नसतो, आणि अण्णाही जाणार होते. मॅडमनी ट्रस्टींपुढे विषय मांडला. ट्यूब एका मशीनवरून दुसऱ्यावर आपोआप नेणारा मोठा ट्रॅक बसवणं आम्हाला परवडणारं नव्हतं. शेवटी टेबलाएवढं एक मशीन घ्यायचं ठरलं: बारकोड वाचतं, कॅमेऱ्यानं ट्यूब बघतं, आतल्या सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतं, टोपी काढतं, दर वेळी नवी टिप लावून प्लाझ्मा दुसऱ्या ट्यूबमध्ये काढतं, तो पुन्हा फिरवतं आणि अर्धा-अर्धा मिलिलिटर करून लेबल लावलेल्या छोट्या ट्यूबमध्ये भरतं. याला आम्ही अलिकोट म्हणतो. कंपनीच्या माणसानं दाखवलं तेव्हा सगळं पाण्यासारखं सहज वाटलं.

पहिल्याच आठवड्यात इंजिनिअरनं मला विचारलं, “टिप, म्हणजे प्लाझ्मा ओढणारं टोक, किती खाली न्यायची?”

मी म्हटलं, “थराच्या वर पाच मिलिमीटर.”

“थर कुठे असतो?”

मला उत्तर देता येईना. थर प्रत्येक ट्यूबमध्ये वेगळीकडे असतो. त्यानं तळापासून एक ठरावीक उंची टाकली आणि आम्ही सुरू केलं. साधारण माणसाच्या रक्तात, जिथे हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचा टक्का, चाळीसच्या आसपास असतो, सगळं बरोबर चाललं. रक्त कमी असलेल्या बायकांच्या ट्यूब आमच्याकडे भरपूर येतात. त्यात लाल पेशींचा थर एवढासा असतो, त्यामुळे टिप फार वर थांबायची आणि चांगला प्लाझ्मा ट्यूबमध्येच राहून जायचा. त्यानं नुकसान फक्त प्लाझ्माचं. पण तिसऱ्या दिवशी डेंग्यूचा एक पेशंट होता, रक्त घट्ट झालेलं, हिमॅटोक्रिट पंचावन्नला टेकलेला. टिप सरळ पांढऱ्या थरात घुसली आणि दुसऱ्या ट्यूबमध्ये गुलाबी झाक असलेला प्लाझ्मा आला. अण्णा शेजारीच उभे होते. त्यांनी ती ट्यूब उचलून उजेडात धरली आणि काही न बोलता माझ्या हातात दिली.

इंजिनिअर मुलगा मनापासून काम करणारा होता. त्यानं कॅमेऱ्याला थराची सीमा ओळखायला लावलं: प्रत्येक ट्यूबचा फोटो, लाल कुठे संपतं ते मोजायचं, वर पाच मिलिमीटर. लाल-पिवळ्याची रेघ कॅमेऱ्याला छान दिसत होती. पण मग नवंच संकट उभं राहिलं. वॉर्डातून येणाऱ्या ट्यूबवर लेबलं तिरकी, कधी एकावर एक दोन, कधी ट्यूबला पूर्ण वेढा घातलेली. कॅमेऱ्याला आतलं काही दिसेना. माणूस ट्यूब फिरवून फटीतून बघतो. मशीन थांबून लाल दिवा लावतं.

त्या महिन्यात आमच्याकडून परत जाणारी सॅम्पलं एवढी वाढली, की आयसीयूच्या सिस्टरनी फोनवरच सुनावलं, “तुमच्या मशीनसाठी आम्ही पेशंटला पुन्हा टोचायचं का?” त्यांचं चूक नव्हतं. म्हणून मी आणि मॅडम निळ्या ट्यूबचा डबा घेऊन प्रत्येक वॉर्डात गेलो. लेबल उभं, सरळ, एका बाजूला खिडकी मोकळी ठेवून कसं लावायचं ते दाखवलं. तिथे गेल्यावर आम्हालाही कळलं, की ट्यूब अर्धवट का भरून येतात. नाजूक शिरांसाठी सिस्टर फुलपाखराची सुई, म्हणजे पंखांची, लांब नळी जोडलेली बारीक सुई, वापरतात. तिच्या नळीतली हवा पहिल्या ट्यूबमध्ये जाते आणि तेवढं रक्त कमी भरतं. त्यांना वाटायचं, थोडं कमी तर आहे. पण रक्त कमी म्हणजे सायट्रेट प्रमाणाबाहेर जास्त. ते तपासणीत घातलेलं कॅल्शियमही बांधून ठेवतं आणि एपीटीटी खोटाच लांबतो. ट्यूब किमान ९० टक्के भरलेली पाहिजे. आधी एक रिकामी निळी ट्यूब लावून नळीतली हवा काढा, ती फेकून द्या आणि मग खरी ट्यूब लावा, एवढंच सांगितलं. आयसीयूच्या त्याच सिस्टरनी नंतर आपल्या नवीन मुलींना हे इतकं नीट शिकवलं, की तिथलं सॅम्पल परत जाणं जवळजवळ थांबलं.

हेपॅरिनची गोष्ट मात्र मला अजून अस्वस्थ करते, कारण ती आमच्या लक्षात उशिरा आली. मशीन रॅक भरायची वाट बघत होतं. बारा ट्यूब जमल्या की फिरवायचं, अशी मूळ मांडणी. दुपारी गर्दी कमी असली की ट्यूब तशाच बसून राहायच्या. हृदयाच्या एका पेशंटला हेपॅरिनचं ड्रिप चालू होतं. त्याची एपीटीटीची ट्यूब न फिरवता तासाच्या वर पडून राहिली. अशा वेळी प्लेटलेटमधून एक प्रथिन सुटत राहतं आणि ते हेपॅरिनला निकामी करतं. हेपॅरिननं लांबायला हवा तो एपीटीटी कमी आला. तसाच रिपोर्ट गेला असता तर डॉक्टरांनी डोस वाढवला असता. अण्णांनी रिपोर्ट बघितला आणि म्हणाले, “सकाळी याचा दुप्पट होता. ड्रिप तर चालूच आहे.” आम्ही रिपोर्ट थांबवला, ताजं सॅम्पल मागवलं, लगेच फिरवलं. बरोबर आकडा आला.

अण्णा आधी काय करायचे? फॉर्मवर ‘हेपॅरिन’ दिसलं की ती एकटी ट्यूब उचलून समोर पाण्याची ट्यूब ठेवून फिरवायचे. कोणी सांगितलेलं नव्हतं, कुठे लिहिलेलंही नव्हतं. आता ते लिहिलं: मशीननं दहा मिनिटांच्या वर थांबायचं नाही, रॅक रिकामा असेल तर पाण्याच्या ट्यूब लावून तोल सांभाळायचा, आणि सॅम्पल घेतल्याची वेळ बारकोडबरोबर आली नसेल तर हेपॅरिनची ट्यूब घ्यायचीच नाही.

त्या दिवसापासून मी एक वही केली. अण्णा काम करत असताना मी शेजारी बसायचे आणि त्यांनी जे काही न ठरवता केलं ते टिपून घ्यायचे. पहिल्या आठवड्यात त्यांना राग आला. “माझ्यावर पाळत ठेवतेस का गं?” मी म्हटलं, “अण्णा, तुम्ही गेल्यावर मी कुणाला विचारू?” मग ते स्वतःच सांगायला लागले.

बाहेरच्या दवाखान्यांतून सॅम्पल आणणारा मुलगा ट्यूब बर्फाच्या पिशव्यांवर ठेवून आणायचा. सोलापूरच्या उन्हाळ्यात त्याला तेच बरोबर वाटणार. अण्णा ट्यूब हातात घेताच ओळखायचे, “ही बर्फातून आलीय.” अख्खं रक्त असं थंड ठेवलं तर फॅक्टर आठ आणि व्हॉन विलब्रांड फॅक्टर ही रक्त गोठायला लागणारी प्रथिनं कमी होतात, आणि धडधाकट माणसावर रक्तस्रावाच्या आजाराचा शिक्का बसू शकतो. मशीनला गार-गरम कळत नव्हतं. आता निळ्या ट्यूबसाठी वेगळा, बर्फ नसलेला डबा आहे. त्यात एक थर्मामीटर असतो आणि आत घेण्यापूर्वी तापमान नोंदवतात: १८ ते २५ च्या मध्ये. मशीनच्या सेंट्रिफ्यूजलाही आम्ही २२ अंशांवर बांधून ठेवलं, कारण एप्रिलमध्ये तो स्वतःच तापायचा.

दुसरं म्हणजे गुठळी. अण्णा फिरवण्याआधी प्रत्येक ट्यूब हळूच आडवी करून बघायचे. मशीनला टिपमध्ये गुठळी अडकली तर दाबावरून कळतं, पण बारीक गुठळी फिरल्यावर लाल पेशींमध्ये जाऊन बसते आणि प्लाझ्मा वरून स्वच्छ दिसतो. त्यातलं फायब्रिनोजेन मात्र आधीच खर्च झालेलं असतं. ही एक गोष्ट आम्ही हातातच ठेवली. रॅकमध्ये ट्यूब ठेवणारा प्रत्येक जण ती आधी आडवी करून बघतो आणि रजिस्टरवर सही करतो. मशीन विकणाऱ्या माणसाला ते आवडलं नाही, त्याच्या मते त्यानं वेळ वाया जात होता. मला तसं वाटत नाही.

ब्रेकचा प्रश्न लवकर सुटला. सेंट्रिफ्यूज झटक्यात थांबला की बसलेला थर पुन्हा उसळतो, म्हणून ब्रेक हळू केला, दोन-तीन मिनिटं जास्त लागतात. फेसामुळे टिप फसून हवा ओढायची, तेही ट्यूब जोरात न हलवता पाच-सहा वेळा अलगद उलटी-सुलटी करायची, हे पुन्हा सांगितल्यावर कमी झालं.

मग तुलना. चाळीस पेशंटचा प्लाझ्मा दोन्ही पद्धतींनी, एक हातानं आणि एक मशीननं, बनवून पीटी, एपीटीटी, फायब्रिनोजेन, डी-डायमर लावले. मुद्दाम कठीण सॅम्पल निवडली: कावीळ झालेली, दुधाळ प्लाझ्माची, रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनच्या गोळ्यांवरची, हेपॅरिनवरची. आकडे जुळले. मला खरी उत्सुकता होती ती प्लेटलेटची. दोनदा फिरवलेल्या प्लाझ्मात एकाही सॅम्पलमध्ये १०,००० च्या वर आकडा गेला नाही; बहुतेक ठिकाणी काउंटरवर दोन-तीन हजार, कुठे शून्य. मी तो कागद अण्णांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून एकेक ओळ बोटानं वाचली. शेवटी म्हणाले, “माझे पण लाव.” त्यांनी त्याच दिवशी हातानं दोनदा फिरवून काढलेले दहा प्लाझ्मा मी लावले. सगळे १०,००० च्या खाली. त्यांचा हात कधीच चुकत नव्हता. चुकत होता तो भिंतीवरचा कागद, आणि दुसऱ्यांदा न फिरवणं.

मशीन कुठे चालत नाही हेही नोंदवून ठेवलं आहे. मे महिन्यात अण्णांच्या शेवटच्या आठवड्यात जन्मतः हृदयाचा दोष असलेला, निळसर पडलेला एक लहान मुलगा शस्त्रक्रियेआधीच्या तपासणीसाठी आला. हिमॅटोक्रिट ६२. पंचावन्नच्या वर गेला की ट्यूबमधलं नेहमीचं सायट्रेट जास्त होतं, कारण प्लाझ्माच कमी असतो. हिशोब मांडला: ०.००१८५ गुणिले (१०० वजा ६२) गुणिले ट्यूबमध्ये येणारं २.७ मिलिलिटर रक्त. उत्तर ०.१९ मिलिलिटर. ट्यूबमध्ये असतं ०.३. म्हणजे ०.११ काढून टाकायचं. अण्णांनी आमच्यातल्या सर्वांत नवीन मुलीला बोलावलं. तिनं एक मिलिलिटरच्या बारीक सिरिंजनं तेवढं सायट्रेट मोजून काढलं. टोपी उघडल्यानं ट्यूबमधली, रक्त आपोआप ओढून घेणारी निर्वात पोकळी गेली होती, म्हणून सिस्टरनी सिरिंजनं रक्त घेऊन मापानं भरलं. ती ट्यूब मशीनमध्ये घातलीच नाही. फिरून आल्यावर प्लाझ्मा नेहमीच्या निम्म्याहून थोडा जास्त होता.

तिनं ट्यूब डोळ्यांच्या रेषेत धरली, ड्रॉपर हवेत दाबला आणि टोक पृष्ठभागाला लावलं. अण्णा मागे उभे होते, हात पाठीशी बांधून. पातळी उतरत गेली. थराच्या वर पाच मिलिमीटर उरले तेव्हा तिनं ड्रॉपर बाहेर काढला आणि मागे वळून न बघता ट्यूब स्टँडमध्ये ठेवली.

भिंतीवर आता नवा कागद आहे. त्यावर फेऱ्यांच्या आधी त्रिज्या लिहिली आहे, आणि खाली तारीख: कधी मोजलं, कोणी मोजलं, पुन्हा कधी मोजायचं. दर सहा महिन्यांनी आम्ही दहा सॅम्पलच्या प्लाझ्माच्या प्लेटलेट मोजतो. त्या बाईच्या नवऱ्याला मी फोन करून सगळं सांगितलं: चूक कुठे झाली, आता काय बदललं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. त्याची बायको तेव्हा सातव्या महिन्यात होती.